चारुदत्ताचं 'आता मी दरिद्री झालो' कसं वाचायचं? (नाट्यवाचन, इंदूर)

सुदामानगरची_सून
रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी लिहून राहिले. इंदूरला आमचा एक छोटा वाचनगट आहे, आठ-नऊ जण, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी हॉलमध्ये जमतो, नाटकं वाचतो, मग पोहे. यावेळी विषय ठेवलाय 'नवरा, बायको आणि पैसा' आणि पहिल्यांदाच बाहेरचे तीस-चाळीस लोक बोलावलेत म्हणून जरा टेन्शन आहे. प्रवेश तीन नाटकांतले घेतलेत, शूद्रकाच्या मृच्छकटिकाचा तिसरा अंक, इब्सेनचं डॉल्स हाऊस, आणि गडकऱ्यांचं एकच प्याला. वाचणारे चौघं, दोन बाया दोन पुरुष. नेपथ्य वगैरे काही नाही, चार खुर्च्या आणि एक टेबललँप.

तर भांडण झालं पहिल्याच प्रवेशावर. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, वसंतसेनेनं विश्वासानं ठेवायला दिलेले दागिने चारुदत्ताच्या घरातून शर्विलक नावाचा चोर भिंतीला भोक पाडून घेऊन जातो. घरात दुसरं काही उरलेलंच नाही, सगळं आधीच दानात वाटून झालंय. आता लोक म्हणणार, गरीब झाला, यानंच पचवले. आतल्या खोलीत धूताला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे कळतं. तिच्याकडे माहेरून आलेली एकच रत्नावली, म्हणजे रत्नांची माळ, उरलीये. ती दासीला म्हणते की हे फार मानी आहेत, मी सरळ दिली तर घेणार नाहीत. म्हणून विदूषकाला बोलावते, पूर्वेकडे तोंड करून उभा राहा म्हणते, आणि सांगते की मी रत्नषष्ठीचा उपास केला होता, ब्राह्मणाला दान द्यायचं असतं, तर हे घ्या. विदूषक काय समजायचं ते समजतो आणि माळ नेऊन चारुदत्ताच्या हातात ठेवतो.

आणि चारुदत्त काय म्हणतो? थँक्यू नाही म्हणत. 'काय, ब्राह्मणी माझी कीव करतेय? अरेरे, आता मी दरिद्री झालो.' आणि मग तो श्लोक, ज्याची शेवटची ओळ 'अर्थतः पुरुषो नारी या नारी सार्थतः पुमान्'. पैशामुळे पुरुषाची बाई होते आणि पैसा असला की बाईचा पुरुष होतो.

आमच्याकडे चारुदत्त वाचतात ते बँकेतून रिटायर झालेले, आवाज अतिशय गोड, आणि ते ही ओळ अशी गदगदून वाचतात की जणू सत्यनारायणाचा प्रसाद हातात पडलाय. मी म्हटलं काका, तो इथे दुखावलाय, त्याला लागलंय. ते म्हणाले, तो आदर्श नायक आहे, बायको मदत करते तर तो दुखावेल कसा, कृतज्ञ आहे तो. अर्धा तास वाद, पोहे गार. मग ठरलं की चार शहाण्या लोकांना विचारू. शहाणे कुठून आणायचे म्हणून इथे विचारतेय 🙂

कसं वाचायचं? लाजेनं, रागानं, की प्रेमानं?

जुना_पडदा
सकाळी ६:१५

सूनबाई, पहाटे उठून वाचलं. मी रामबागेतला, हौशी नाटकांत प्रॉम्प्टिंग करण्यात चाळीस वर्षं गेली, त्यामुळे मला सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत आणि स्वतःचं एकही नाही.

तुमच्या बँकवाल्यांना एवढंच विचारा की शूद्रकानं 'आता' हा शब्द का घातला. इदानीम् अस्मि दरिद्रः. अहो हा माणूस पहिल्या अंकापासून गरीबच आहे, पहिल्या अंकात गरिबीवर इतके श्लोक म्हणतो की आपण जांभया देतो. चोरी झाली तेव्हासुद्धा त्याला पहिलं काय वाटतं, तर बरं झालं, चोर बिचारा रिकाम्या हातानं गेला नाही! अशा माणसाला इतके दिवस आपण दरिद्री आहोत असं वाटलं नाही आणि बायकोनं माळ पाठवल्यावर 'आता' वाटतं. म्हणजे पैसा गेल्यानं नाही, पैसा कोणाच्या हातून आला त्यानं तो गरीब होतो. 'आता'वर थांबायचं. बस. बाकी आवाज गोड असला तरी चालेल.

दुसरं. पुढचा श्लोक कापू नका, लोक कापतात. तिथे तो सावरतो, 'छे, मी दरिद्री नाही', आणि कारणं देतो की संपत्ती असो नसो, त्याप्रमाणे वागणारी बायको आहे, सुखदुःखाचा मित्र आहे, आणि सत्य ढळलेलं नाही. आता गंमत बघा. सत्य ढळलं नाही म्हणतो आणि लगेच पुढच्या श्वासात विदूषकाला सांगतो, जा, ही माळ वसंतसेनेला दे आणि सांग की तुझे दागिने मी आपलेच समजून जुगारात हरलो. 😀 चोरीला गेले हे सांगायची लाज, जुगारात घालवले हे चालतं! प्रेक्षक तिथे हसलेच पाहिजेत. नाही हसले तर तुमचं वाचन चुकलं.

देवलांनी हे नाटक मराठीत आणलं हे तर माहीतच असेल. आणि त्यांचीच शारदा पहिल्यांदा रंगभूमीवर आली ती आपल्या इंदुरात, १८९९ साली, किर्लोस्कर मंडळींनी केली. इंदूरमध्ये नवरा-बायको-पैसा विषय आणि शारदा नाही? हे काही पटलं नाही.

पोहे_जिरावन
सकाळी ९:३०

भिया मी नाटकवाला नाही, शेव-जिरावनवाला माणूस, पण हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो.

मला तर चारुदत्ताचं वाक्य वाचून पोटात खड्डा पडला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझं दुकान बंद, भाडं चालू, माल पडून. मिसेस शाळेत टीचर, तिचा पगार कापून का होईना पण येत होता, ऑनलाइन क्लास चालू होते. सात-आठ महिने घर तिच्यावर. तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही, उलट काय करायची माहितेय, माझ्या पाकिटात गुपचूप पाचशेच्या दोन-तीन नोटा ठेवायची, म्हणजे मला मागावं लागू नये. सकाळी पाकीट उघडलं की पैसे. मी पण कधी विचारलं नाही कुठून आले, ती पण कधी बोलली नाही. बाहेरून बघणारा म्हणेल किती समजूतदार जोडी. आणि मी सांगतो, ते पाकीट उघडताना मला रोज इतका राग यायचा ना, तिच्यावर नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर पण. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट सरकवलं. मीठ जास्त नव्हतंच झालं.

तर बँकवाल्या काकांना सांगा, गदगदून वगैरे काही नाही. आधी राग, मग स्वतःचीच लाज की मला राग का आला. ते 'छे, मी दरिद्री नाही' वगैरे नंतर येतं, बऱ्याच नंतर. मला तर वर्ष लागलं.

वकिलीण_पलासिया
दुपारी २:०५

जिरावन, मनापासून लिहिलंत. वाचून मी कोर्टातला डबा तसाच बंद केला.

मी दोन गोष्टी जोडते, एक कायद्याची आणि एक नाटकाची, दोन्हीची भेळ होईल, सांभाळून घ्या.

धूतानं दिलेली माळ तिला माहेरून आलेली आहे, म्हणजे चोख स्त्रीधन. आता आपल्याकडे जुन्या शास्त्रातसुद्धा नवऱ्याला बायकोच्या स्त्रीधनाला हात लावायची परवानगी कधी, तर याज्ञवल्क्य म्हणतो दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा नवरा कैदेत-बिदेत अडकला तर. तेवढ्या वेळी घेतलेलं परत द्यायची सक्ती नाही. चोरी झालेला दुसऱ्या बाईचा ऐवज भरून देणं यात कुठे बसत नाही. म्हणून धूता काय करते, तर व्रताचं दान म्हणते! धर्मकार्य करून टाकते त्याचं. मला नेहमी वाटतं, नाटकातली सगळ्यात हुशार वकील तीच आहे. (आजचा कायदा तर स्वच्छ आहे, १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्त्रीधन बाईचंच, नवरा फार तर राखणदार. तरी दर महिन्याला माझ्याकडे कोणी ना कोणी येतंच, मॅडम माझे दागिने सासूच्या लॉकरमध्ये आहेत.)

आता नोरा, डॉल्स हाऊसची नायिका. तुम्ही दोन्ही नाटकं एकामागे एक ठेवताय हे फार छान, पण तुमच्या लक्षात आलंय का बघा, दोघी एकच काम करतात. नवऱ्याला वाचवायला पैसा उभा करतात, आणि तो पैसा आपला नाहीच असं दाखवायला एक गोष्ट रचतात. धूताची गोष्ट, व्रत. नोराची गोष्ट, बाबांनी दिले. नवरा आजारी, डॉक्टर म्हणाले दक्षिणेकडे न्या, तो कर्ज काढणार नाही कारण कर्ज म्हणजे त्याच्या तत्त्वाला बट्टा, आणि बायकोला नवऱ्याच्या परवानगीशिवाय कर्ज मिळत नाही. तर तिनं क्रोगस्टाड नावाच्या माणसाकडून ४,८०० क्रोनर कर्ज घेतले, जामीन म्हणून मरणाच्या दारात असलेल्या वडिलांची सही हवी होती ती स्वतःच केली, आणि तारीख टाकली २ ऑक्टोबर. वडील गेले होते २९ सप्टेंबरला. मी अशील म्हणून तिला एवढंच सांगितलं असतं की बाई, निदान कॅलेंडर तरी बघायचंस.

नॉर्वेत लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या मिळकतीवर हक्क मिळाला १८८८ मध्ये. नाटक १८७९ चं. म्हणजे तेव्हा ती कमावत होती तेही कायद्यानं तिचं नव्हतं. आणि कमावत होती ती! घरखर्चातून चोरून वाचवायची, स्वतःसाठी स्वस्त कपडे घ्यायची, आणि एका हिवाळ्यात दार लावून रात्री रात्री नक्कल करायचं काम केलं. नवऱ्याला वाटलं ख्रिसमसची फुलं करतेय. ते मैत्रिणीला सांगताना ती काय म्हणते? खूप थकायचे, पण बसून काम करायचं, पैसे मिळवायचे यात केवढी मजा होती, जवळजवळ पुरुष असल्यासारखं वाटायचं.

आता तुमचा श्लोक परत वाचा. या नारी सार्थतः पुमान्. शूद्रकाच्या चारुदत्ताला जे म्हणताना लाज वाटते तेच इब्सेनची नोरा म्हणते तेव्हा तिला मजा वाटते. वाक्य एकच, फक्त बोलणारं तोंड बदललं. माझं मत विचाराल तर हे दोन प्रवेश वाचताना मध्ये दिवा बंद करू नका, एका वाक्यावरून दुसऱ्यावर थेट जा.

सुदामानगरची_सून
दुपारी ३:४०

वकिलीणबाई!!! हे मला सुचलं नव्हतं, दोन्ही वाक्यं माझ्याच फाईलमध्ये आहेत, चार दिवस शेजारी शेजारी, आणि मला दिसलं नाही.

आणि एक सांगू का, हे वाचताना मला आमच्या सासूबाई आठवल्या. २०१६ ची नोटाबंदी. आठ नोव्हेंबरच्या रात्री टीव्हीवर बातमी, सगळे बसलोय, आणि त्या एकदम उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाच्या कोठीतून, देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून आणि एका जुन्या पैठणीच्या घडीतून मिळून एकूण सदतीस हजार निघाले. पाचशे आणि हजारच्या नोटा. भिशीचे, भाऊबीजेचे, भाजीतून उरवलेले, तीस वर्षांचे. बँकेत भरायचे तर सासऱ्यांना सांगणं भाग. आता कोणालाही वाटेल सासरे खूश होतील, अहो सदतीस हजार! तर ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, 'म्हणजे मी तुला कमी देत होतो का?'

आणि सासूबाई म्हणाल्या, 'नाही हो, देवाचे होते.'

देवाचे! रत्नषष्ठी! मी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, मला वाटलं सासूबाई भोळ्या आहेत. 🤦‍♀️

(आणि ते पैसे कशाला होते माहितेय? सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी कमी पडायला नको म्हणून. बायपास झालीच नाही, लागलीच नाही. पण म्हणजे नोराचा आजारी नवरा पण आलाच की यात.)

बडोद्याची_माहेरवाशीण
सायंकाळी ७:२०

आले धावत, एकच प्यालाचं नाव वाचून. पहिला प्रयोग आमच्या बडोद्याला, २० फेब्रुवारी १९१९, गंधर्व मंडळी. गडकरी जानेवारीतच गेले होते, त्यांनी स्वतः हे नाटक पाहिलंच नाही. शाळेत असताना आम्हाला हे इतक्या वेळा ऐकवलंय की मला वाटायचं सिंधू आमच्याच गल्लीत राहायची.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या धूताकडे माळ आहे, नोराकडे कर्ज आहे. एकच प्यालातल्या सिंधूकडे काय आहे? जातं. नवरा सुधाकर वकील, दारूपायी सनद जाते, घर धुऊन जातं. सिंधूचं माहेर चांगलं सधन आहे, भाऊ पद्माकर न्यायला येतो, मदत करायला तयार आहे, पण माहेरचं घ्यायचं नाही म्हणून ही लोकांची दळणं दळते. मांडीवर बाळ, समोर जातं. आपण सगळे रडतो, मी पण रडते, पण रडून झालं की मला राग येतो. कारण धूतानं निदान युक्ती काढली, हिनं नवऱ्याच्या अहंकाराचा हिशेब स्वतःच्या हातांनी फेडला. माहेरचा पैसा घेतला असता तर सुधाकरला कमीपणा आला असता, म्हणून पोर उपाशी.

आणि शेवटी काय? तिघींत सगळ्यात मोठं खोटं तीच बोलते. सुधाकरनं मारलेलं असतं आणि मरताना फौजदाराला सांगते, मी पडले.

म्हणून मी म्हणते की हे नाटक शेवटी ठेवू नका, लोक रडत घरी जातील आणि म्हणतील काय ती सती. मधे ठेवा.

जुना_पडदा
सायंकाळी ७:५५

हे मला मान्य नाही, ताई. सिंधूला आजच्या चष्म्यातून बघू नका. माझे आजोबा सांगायचे, बालगंधर्व म्हणजे जरीच्या शालूंसाठी प्रसिद्ध माणूस, तो सिंधूसाठी ठिगळं लावलेलं लुगडं नेसला तेव्हा नाट्यगृहात हुंदके. दारू पिणारे नवरे समोर बसलेले असायचे. त्यांना शरम वाटावी म्हणूनच गडकऱ्यांनी तिला इतकी सोशिक लिहिली. भांडकुदळ सिंधू लिहिली असती तर पुरुष म्हणाले असते, अशी बायको असल्यावर पिणारच.

बडोद्याची_माहेरवाशीण
रात्री ८:१०

काका, म्हणजे पुरुषांना शरम वाटावी म्हणून बाईनं मरायचं. हेच तर म्हणतेय मी!

आणि भांडणारी बाई गडकऱ्यांनी लिहिलीच आहे की त्याच नाटकात. तळीरामाची बायको गीता. ती तोंडावर बोलते. पण आपण पाळण्याचं गाणं लक्षात ठेवतो, 'चंद्र चवथिचा' सगळ्यांना पाठ, गीताचं एक वाक्य कोणाला पाठ असेल तर सांगा.

जुना_पडदा
रात्री ८:३१

मला पाठ होतं. आत्ता आठवत नाहीये. (हे तुमच्या बाजूनं जातंय हे कळतंय मला.)

खाजगीवाला
रात्री ११:१८

मी नाटकं कमी बघतो, होळकरांचे कागद जास्त. पण इंदुरात बसून बायकोचा स्वतंत्र पैसा म्हटल्यावर कोणीच खासगीचा विषय काढला नाही म्हणून लिहितो.

१७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई हिच्या नावानं खासगीची जहागीर दिली. दौलत म्हणजे राज्याचा पैसा, तो सरदाराकडे, फौजेसाठी. खासगी म्हणजे घरातल्या बाईचा, तिचे महाल वेगळे, वसुली वेगळी, कारभारी वेगळे, हिशेब वेगळा. गौतमाबाईनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. काशीचं मंदिर असो की घाट, बारवा, धर्मशाळा, लोक म्हणतात राणीनं राज्याचा पैसा खर्च केला, तर तसं नाही, दानधर्म खासगीतून. राजवाड्यावरून जाता येता आपण मान वर करून बघतो पण त्या घरात नवऱ्याची तिजोरी आणि बायकोची तिजोरी वेगळी होती हे कोणी सांगत नाही.

आता गंमत अशी की ही व्यवस्था घराच्या आत लपवलेली नव्हती. गव्हाच्या कोठीत नाही, सनदेवर. त्यामुळे तिथे कोणाला 'आता मी दरिद्री झालो' म्हणावं लागलं नाही. अर्थात सरदाराच्या बायकोला जे मिळालं ते सराफ्यातल्या सोनाराच्या बायकोला नव्हतं, हेही आहेच.

वर शारदेचा विषय निघाला त्यावर एक. बरेच लोक शारदा कायदा आणि शारदा नाटक एकच समजतात, आमच्या एका परिचितांनी भाषणात ठोकून दिलं होतं. १९२९ चा बालविवाहाचा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावावरून. नाटकाशी नावाचा संबंध नाही.

वकिलीण_पलासिया
दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:५०

शारदेबद्दल मला कायम एक खुपतं. कांचनभट पैशासाठी पोरगी पाऊणशे वयाच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, सगळं गाव गाणी म्हणतं, आणि लग्न शेवटी मोडतं कशामुळे? दोघं सगोत्र निघतात म्हणून! ती नाही म्हणते म्हणून नाही, म्हातारा आहे म्हणून नाही, विकली जातेय म्हणून नाही. तांत्रिक मुद्दा. मी वकील आहे, मला तांत्रिक मुद्द्यावर केस जिंकायला आवडतं, पण तरी.

सूनबाई, डॉल्स हाऊसचा कोणता तुकडा घेताय? शेवट घेतलात तर लोकांना एक सांगा, जर्मनीतल्या नटीनं, हेडविग नीमान-राबं तिचं नाव, मी माझी मुलं सोडून जाणार नाही म्हणून नोरा घर सोडून जाते तो शेवट करायला नकार दिला. तेव्हा असले बदल थांबवणारा कायदाच नव्हता, दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा म्हणून इब्सेननं स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला, नोरा मुलांच्या दाराशी कोसळते आणि राहते. नंतर त्यालाच तो रानटीपणा वाटायचा.

सुदामानगरची_सून
दुसऱ्या दिवशी, रात्री ९:२५

सगळ्यांना मिळून एकच उत्तर देते, आत्ताच तालमीहून आले.

डॉल्स हाऊसचा शेवट घेत नाही आहोत, सुरुवात घेतोय. कारण पैसा सुरुवातीलाच आहे. ख्रिसमस ट्री आणणारा हमाल पन्नास ओरे मागतो, नोरा त्याला पूर्ण क्रोन देते आणि उरलेले ठेव म्हणते. आणि दोन मिनिटांनी नवऱ्यापुढे उभी राहून पैसे मागते, तो पाकीट काढतो, मोजून देतो, दहा, वीस, तीस, चाळीस, आणि वर उधळी चिमणी म्हणतो. बस एवढं. मग मैत्रिणीशी बोलणं, 'पुरुष असल्यासारखं' पर्यंत. शेवटातलं फक्त एक वाक्य ठेवलंय, क्रोगस्टाड कर्जाचा कागद परत पाठवतो तेव्हा हेल्मर, म्हणजे नोराचा नवरा, ओरडतो 'मी वाचलो!' आणि ती विचारते 'आणि मी?'

दिवा बंद केला नाही मध्ये, वकिलीणबाईंचं ऐकून. चारुदत्ताची ओळ संपली की तोच लँप जराही न हलवता नोरा बोलायला लागते. अंगावर काटा आला हो.

एकच प्याला मधे टाकला. बडोदेवाल्या ताईंचं ऐकलं, पण गीता पण घेतली, काकांसाठी. शारदा नाही घेतली, वेळ नाही, रागावू नका काका.

आता मुख्य प्रश्नाचं. बँकवाले काका आज पण तसंच गोड वाचत होते, मी त्यांना 'आता'वर थांबा म्हटलं, थांबले, पण रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखे. मग मी जिरावन यांचं पोस्ट फोनवर वाचून दाखवलं, नाव न घेता. पाकिटाचं. काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसला. त्यांच्या मिसेस पण आल्या होत्या तालमीला, त्या मागे बसून वाटाणे सोलत होत्या, त्यांचे हात पण थांबले. मग काकांनी परत वाचलं, आणि 'ब्राह्मणी माझी कीव करतेय?' हे वाक्य त्यांनी कोणाकडेही न बघता वाचलं, एकदम कोरडं, हळू, जसं कोणी पासबुक बघतं तसं. आम्ही सगळे गप्प. जुगाराच्या खोट्यावर मात्र आम्ही हसलो, काकू सगळ्यात जास्त.

मी विचारलं, काका, हे कुठून आलं? तर म्हणाले, चला, उशीर झाला, पुढचा प्रवेश घ्या.

एक व्यावहारिक मदत हवी. रत्नावली म्हणून हातात धरायला एक माळ पाहिजे, जुनी दिसणारी, दोन-तीन पदरी मोत्यांची वगैरे. चिनी माळा बाजारात मिळतात पण लँपच्या उजेडात प्लास्टिक दिसतं. कोणाकडे आहे का? दोन तासांसाठी, सांभाळून परत देऊ.

पोहे_जिरावन
रात्री ९:५०

पोस्ट वाचून दाखवलंत, चालेल. मिसेसला पण दाखवलं मी हे सगळं. ती म्हणाली मीठ जास्तच होतं त्या दिवशी.

शेव मी आणतो कार्यक्रमाला, तीन प्रकारची. पैसे घेणार नाही.

जुना_पडदा
रात्री १०:०५

माळ आमच्या हिच्याकडे आहे, तिच्या आईची, तीन पदरी. विचारतो.

जुना_पडदा
रात्री १०:३०

विचारलं. नाही म्हणाली.